मार्च मॅडनेसची तिकिटं परवडतील अशी कशी मिळवायची?

खडूफळा (प्रश्न)

आम्ही चौघे आहोत, दोन मोठे आणि ९ व १३ वर्षांची दोन मुलं. मध्य ओहायोत राहतो, त्यामुळे डेटन, क्लीव्हलंड, इंडियानापोलिस, पिट्सबर्ग, डेट्रॉइट ही सगळी ठिकाणं गाडीने होण्यासारखी आहेत. येत्या मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेचा, म्हणजे मार्च मॅडनेसचा, एक तरी दिवस मुलांना प्रत्यक्ष दाखवायचा आहे. अमुकच संघ बघायचा असा हट्ट नाही आणि आम्ही कुठल्या मोठ्या कॉलेजचे माजी विद्यार्थीही नाही. तिकिटांवर चौघांचे मिळून ४०० डॉलरच्या वर जायचं नाही.

तिकीट आधीच घेऊन टाकावं की थांबावं? ऑल-सेशन घ्यावं की एकाच सेशनचं? आणि रिसेलच्या (लोकांनी घेतलेली तिकिटं परत विकायच्या) साइटवर फसायला होऊ नये म्हणून नेमकं काय बघायचं?

---

बँकशॉट

संघाचा हट्ट नाही, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. या स्पर्धेत तिकिटाचा भाव खुर्ची कुठे आहे यावर कमी आणि ती खुर्ची कोणाच्या हातात आहे यावर जास्त ठरतो. ज्यांच्या हातात आहे त्यांचा संघ हरला की भाव पडलाच. तुम्हाला फक्त त्या वेळी खरेदीला हजर राहायचं आहे.

आधी रचना समजून घ्या, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. पुरुषांच्या पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे सामने आठ शहरांत होतात. चार शहरांत गुरुवार-शनिवार, उरलेल्या चारांत शुक्रवार-रविवार. एका शहरात आठ संघ येतात. पहिल्या दिवशी चार सामने, तेही दोन सेशनमध्ये: दुपारी दोन, संध्याकाळी दोन. मधे सगळं अरीना रिकामं करतात, दुपारच्या तिकिटावर संध्याकाळी बसता येत नाही. मग एक दिवस सुट्टी आणि तिसऱ्या सेशनमध्ये दुसऱ्या फेरीचे दोन सामने. म्हणजे ऑल-सेशन तिकीट घेतलं तर तीन सेशन, सहा सामने. 'सेशन २' म्हणजे दुसरा दिवस असं समजून तिकीट घेणारे दर वर्षी निघतात. सेशनच्या आकड्यावर जाऊ नका, तारीख वाचा.

आता भाव कधी हलतो ते सांगतो.

पहिली वेळ सिलेक्शन संडेची. संध्याकाळी ब्रॅकेट (कोणता संघ कुठे, कोणाशी खेळणार याचा तक्ता) जाहीर होतं आणि तासाभरात प्रत्येक शहराचा भाव वेगळ्या दिशेला जातो. केंटकी, ड्यूक, कॅन्सस, पर्ड्यू, मिशिगन स्टेट असे मोठ्या चाहतावर्गाचे संघ जवळच्या शहरात आले की तिथली तिकिटं कडाडतात. लांबचे आणि लहान कॉलेजांचे संघ आले की तीच तिकिटं उतरतात. याचा अंदाज थोडा आधीही बांधता येतो. एक ते चार सीडचे, म्हणजे सर्वांत वरच्या मानांकनाचे, संघ शक्यतो घराजवळच्या शहरात टाकतात आणि निवड समिती साधारण फेब्रुवारीच्या मध्याला पहिले १६ संघ त्या वेळच्या क्रमाने दाखवते. त्या यादीत तुमच्या जवळच्या शहराच्या तीन तासांच्या परिघातला एखादा मोठा संघ दिसला, तर ते शहर सोडा आणि दुसरं बघा. यजमान कॉलेजची मात्र धास्ती नको. नेहमीच्या घरच्या कोर्टवर या फेऱ्या खेळायची संघाला मुभा नसते.

दुसरी वेळ म्हणजे पहिल्या दिवसाची दुपार. कामाचा दिवस, शाळा चालू, सामना बाराच्या सुमारास सुरू. त्यामुळे दुपारचं सेशन बहुधा संध्याकाळपेक्षा स्वस्त जातं. खेळ तोच, दोन सामने तेवढेच. मुलांची एक दिवस शाळा बुडवायची तयारी असेल तर ४०० डॉलरमध्ये बसणारा सगळ्यात भरवशाचा पर्याय हाच.

तिसरी वेळ माझ्या मते सर्वांत चांगली आणि सर्वांत कमी वापरली जाणारी. गुरुवारी रात्री उशिरापर्यंत आठांपैकी चार संघ बाहेर पडलेले असतात. त्यांच्या चाहत्यांकडे ऑल-सेशन तिकिटं असतात, म्हणजे शनिवारच्या त्याच खुर्च्या अजून त्यांच्या खात्यात पडून असतात. हॉटेल सोडायचं, विमान बदलायचं, पोरांना घेऊन परतायचं, या गडबडीत ते फोनवरूनच तिकिटं विकायला टाकतात. शुक्रवारी त्या शहरात सामना नसतो, तेव्हा पूर्ण दिवस तुमच्या हातात. सकाळी यादी फुगलेली दिसते, दुपारपर्यंत विकणारे एकमेकांच्या खाली भाव टाकत जातात. शनिवार सकाळपर्यंत ताणू नका. त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे स्थानिक गिऱ्हाईक जागं होतं आणि चार खुर्च्या एकत्र मिळणं अवघड होतं.

हे उलटंही होऊ शकतं. जवळचा मोठा संघ जिंकला तर शनिवारचा भाव चढतो. म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या, किंवा तुमच्यासारखं गाडीने जाऊन येण्याचं अंतर असेल तर घेऊच नका.

---

तिसरी रांग

रिसेलबद्दल मी लिहिते.

१२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने तिकीट विकणाऱ्यांना सक्तीची फी धरूनच पहिला भाव दाखवावा लागतो. आधी ७० डॉलर दाखवून शेवटच्या पानावर ९५ करायचे, ते आता चालत नाही. सरकारी कर मात्र वेगळा लागू शकतो, म्हणून तुलना नेहमी चेकआउटच्या शेवटच्या आकड्याची करा. स्टबहब, सीटगीक, विविड सीट्स, टिकपिक, गेमटाइम या रिसेल साइटवर बऱ्याचदा एकाच विक्रेत्याची तीच खुर्ची वेगवेगळ्या भावाला असते. सेक्शन आणि रांग जुळवून बघा, म्हणजे लगेच ओळखू येते.

चार खुर्च्यांची एक गंमत लक्षात ठेवा. विक्रेत्याला मागे एकटी खुर्ची उरलेली नको असते, म्हणून ज्याच्याकडे पाच आहेत तो चार विकत नाही. चार एकत्र शोधलंत की यादी एकदम लहान होते. त्याऐवजी दोन-दोन शोधा, त्याच सेक्शनमध्ये मागे-पुढे रांगा असतील तर मोठा-मुलगा, मोठी-मुलगी अशी वाटणी होते आणि पैसे वाचतात.

जागेचं म्हणाल तर साध्या अरीनात वरच्या मजल्याचा कोपरा उत्तम. कोर्ट पूर्ण दिसतं आणि मधल्या सेक्शनपेक्षा स्वस्त. वरच्या मजल्याची अगदी पहिली रांग टाळा. समोरचा कठडा नेमका ९ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतो.

फसवणुकीच्या तीन-चार जागा आहेत. पहिली, हातात नसलेलं तिकीट विकणं. यादीत रांगेचा नंबर नसेल, नुसतं 'अपर लेव्हल' किंवा 'झोन' असेल, तर विक्रेता ते नंतर कुठून तरी स्वस्तात उचलून देणार असतो. भाव चढला तर तो हात वर करतो, साइट पैसे परत करते, पण तुम्ही पार्किंगमध्ये उभे असता. रांग लिहिलेली आणि लगेच ट्रान्सफर होणारी तिकिटंच घ्या. दुसरी जागा म्हणजे स्क्रीनशॉट. तिकीटमास्टरच्या सेफटिक्समध्ये बारकोड दर काही सेकंदांनी बदलत राहतो, दारावर स्क्रीनशॉट चालत नाही. कोणी पीडीएफ किंवा फोटो पाठवतो म्हणाला की व्यवहार तिथेच संपवा.

तिसरी जागा आपल्याच व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ग्रुपांवरची. 'मित्राच्या ओळखीतला आहे' म्हणून झेल (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सेवेने पैसे पाठवतात. झेलला खरेदीदाराचं संरक्षण नाही, गेलेले पैसे गेले. पेपालवर 'गुड्स अँड सर्व्हिसेस' निवडा, 'फ्रेंड्स अँड फॅमिली' नाही. ट्रान्सफरचा ईमेल आला म्हणजे तिकीट आलं असंही नाही. तुम्ही 'अॅक्सेप्ट' करेपर्यंत पाठवणारा ते मागे घेऊ शकतो. अॅक्सेप्ट करा, स्वतःच्या खात्यात चारही दिसतात का, तारीख आणि सेशन बरोबर आहे का ते बघा, मगच निश्चिंत व्हा.

---

खडूफळा

दोघांचेही मनापासून आभार. शुक्रवारची युक्ती लक्षातच आली नव्हती. ऑल-सेशन घेऊन त्यातली दोन सेशन विकायची असं एक जण सुचवतोय, ते जमतं का? आणि महिलांची स्पर्धा किंवा डेटनचं फर्स्ट फोर (पहिल्या फेरीच्या आधीचे सामने) कसं आहे?

---

बँकशॉट

ऑल-सेशन घेऊन विकणं तुमच्या बजेटला झेपणार नाही. समजा ऑल-सेशन २५५ डॉलरला पडलं, चौघांचे झाले १,०२०. ते आधी गुंतवायचे, मग दोन सेशन विकायची. विक्रेत्याकडूनही साइट कमिशन घेते, ते धरा १५ टक्के. एका सेशनचे ८५ आले तर हातात ७२ पडतात, म्हणजे प्रत्येक सेशनमागे माणशी १३ डॉलर गेले. दोन सेशन, चार माणसं, १०० डॉलरच्या वर नुसतं कमिशन. वर चुकीचे संघ आले तर ८५ सुद्धा येणार नाहीत. सहाही सामने बघायचे असतील तरच ऑल-सेशन घ्या.

---

कोपऱ्यातला थ्री

खडूफळा, ओहायोत राहून तुम्ही फक्त पुरुषांच्या पहिल्या फेरीचा विचार करताय, हे मला पटत नाही. मुलांना घेऊन जायचं तर महिलांची स्पर्धा आधी बघा.

महिलांच्या पहिल्या दोन फेऱ्या तटस्थ शहरात नसतात. पहिले १६ संघ आपापल्या कॅम्पसवर यजमान असतात. एका ठिकाणी चार संघ: एका दिवशी दोन सामने, एक दिवस सोडून दुसऱ्या फेरीचा एक. ओहायो स्टेटने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं कोलंबसला यजमानपद मिळवलं. तुम्हाला तर मुक्कामाचीही गरज नाही. तिकिटं यजमान कॉलेजचं तिकीट ऑफिस थेट विकतं, त्यामुळे रिसेलची भानगड टळते, आणि भाव सहसा पुरुषांच्या स्पर्धेच्या तुलनेत फारच कमी असतो. करायचं एवढंच: फेब्रुवारीत जवळच्या कॉलेजांच्या तिकीट ऑफिसच्या ईमेल यादीत नाव घाला. यजमान सिलेक्शन संडेच्या रात्री ठरतात आणि विक्री त्यानंतर लगेच सुरू होते. आधी सीझन तिकीटवाल्यांचा नंबर, मग इतरांचा. बसायची जागा राखीव आहे की येईल त्याला, हेही तेव्हाच विचारून घ्या.

दर वेळी स्वस्तच असेल असं धरू नका. गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क आयोवाकडून खेळत होती तेव्हा त्या संघाची तिकिटं हाती लागत नव्हती आणि २०२४ चा क्लीव्हलंडचा महिला फायनल फोर (शेवटच्या चार संघांचे उपांत्य आणि अंतिम सामने) रिसेलला पुरुषांच्या फायनल फोरपेक्षा महाग गेला. त्या वर्षी कोणती खेळाडू गाजतेय ते बघूनच शहर निवडा.

डेटनचं फर्स्ट फोर चांगलं आहे, पण ते आयत्या वेळी मिळेल असं समजू नका. यूडी अरीना १३ हजारांच्या आसपासचं, मंगळवारी-बुधवारी रात्री दोन-दोन सामने, आणि डेटनच्या लोकांना बास्केटबॉलचं वेड. कोणते संघ येणार हे कळायच्या आतच गावातली मंडळी तिकिटं घेऊन ठेवतात. इथे थांबण्यात फायदा नाही, मूळ विक्री सुरू झाली की मूळ भावातच घ्या. दुसरा सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपतो, दुसऱ्या दिवशी शाळा असते, हे धरून चाला.

आणि ज्याचं नाव कोणीच घेत नाही ते सांगतो: मिड-अमेरिकन कॉन्फरन्सची, म्हणजे मॅकची स्पर्धा. सिलेक्शन संडेच्या आधीच्या आठवड्यात, क्लीव्हलंडला, एनबीएतल्या कॅव्हलियर्स संघाच्या अरीनात. २००० पासून तिथेच भरते. अॅक्रन, केंट स्टेट, टोलीडो, ओहायो, मायामी असे ओहायोतलेच संघ. अशा कॉन्फरन्समधून बहुधा विजेत्यालाच एनसीएए स्पर्धेत प्रवेश मिळतो, म्हणून शेवटच्या मिनिटाला कोर्टवरची पोरं जिवाच्या आकांताने खेळतात. गुरुवारच्या उपांत्यपूर्व फेरीत एका दिवसात चार सामने होतात, वरचा मजला रिकामा असतो, आणि चौघांचा खर्च तुमच्या आकड्याच्या बराच आत राहतो.

---

तिसरी रांग

त्यात एक फुकटची भर घालते. पुरुषांच्या पहिल्या फेरीच्या शहरात आदल्या दिवशी आठही संघांचा सराव त्याच अरीनात होतो आणि तो लोकांसाठी खुला असतो, तिकीट लागत नाही. मुलांना खालच्या रांगेत बसून खेळाडू जवळून बघता येतात, जे सामन्याच्या दिवशी शंभर डॉलर देऊनही जमत नाही. वेळापत्रक ब्रॅकेटनंतर अरीनाच्या साइटवर येतं.

फायनल फोरलाही शुक्रवारी असाच खुला सराव असतो. २०२७ चा फायनल फोर डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर आहे, तुमच्यापासून गाडीने साडेतीन तासांच्या आसपास. सामन्याच्या तिकिटाच्या मात्र फंदात पडू नका. फुटबॉल स्टेडियममध्ये मधोमध कोर्ट मांडलेलं असतं, वरच्या मजल्यावरून चेंडू दिसत नाही, पडद्यावरच बघावं लागतं. जायचंच असेल तर सोमवारची अंतिम लढत बघा. शनिवारी दोन संघ हरतात आणि रविवारी त्यांचे चाहते सोमवारची तिकिटं काढून टाकतात. गुरुवार-शुक्रवारचंच गणित तिथेही चालतं.

निघताना चारही बारकोड घरच्या वायफायवर फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या, दारावर हजारो माणसं असतात आणि नेटवर्क बसतं. बॅग पारदर्शक प्लास्टिकची, १२ बाय ६ बाय १२ इंचांच्या आत. शाळेची सॅक आणली तर परत गाडीपर्यंत चालत जावं लागतं आणि तोवर पहिल्या सामन्याची सुरुवात हुकते.