सौदीत सरकारी खर्च आणि वाढ: २०१६ चं कोडं सुटत नाहीये

एमए_दुसरं_वर्ष:
एमएच्या प्रबंधासाठी सौदी अरेबिया घेतलाय. २०१६ च्या सुरुवातीला तेल पिंपाला ३० डॉलरच्या खाली गेलं, सरकारने खर्चाला कात्री लावली, तरी त्या वर्षी जीडीपी वाढला. २०१७ मध्ये खर्च वाढवला, तर जीडीपी घटला! मग सरकारी खर्चाचा वाढीशी संबंधच नाही असं लिहू का? तिथे नोकरी केलेलं कुणी आहे का इथे?

खोबर_रिटर्न:
असं लिहिलंस तर तोंडी परीक्षेत सोलून काढतील. एकूण जीडीपी बाजूला ठेव, बिगर-तेल जीडीपी घे, म्हणजे तेल वगळून बाकी अर्थव्यवस्थेचा. भाव पडलेला असतानाही सौदीने २०१६ मध्ये विक्रमी तेल उपसलं, दिवसाला एक कोटी पिंपांच्या वर. स्थिर किमतींच्या जीडीपीत पिंपं मोजतात, भाव नाही. म्हणून आकडा वर. २०१७ मध्ये ओपेकच्या, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेच्या, करारापायी उत्पादन कापलं, आकडा खाली. बिगर-तेल वाढ बघ, २०१६ मध्ये जवळजवळ शून्य आहे.

त्या शून्यात आम्ही राहत होतो. मी सौदीतल्या अल खोबरला एका कॉन्ट्रॅक्टरकडे क्वांटिटी सर्व्हेयर होतो, म्हणजे बांधकामाची मोजमापं आणि बिलं काढणारा; कामं बहुतेक सरकारी. महिन्याचं बिल करायचं, कन्सल्टंट तपासणार, सरकारी खातं मंजूर करणार, मग पैसे. तेल शंभर डॉलरच्या वर होतं तोवर कुणाला तारीख विचारावी लागली नाही. २०१५ च्या उत्तरार्धापासून बिलावर सही असायची, शिक्का असायचा, पैसे नसायचे. मालकाने सबकॉन्ट्रॅक्टरला थांबवलं, त्याने रेडीमिक्सवाल्याला, आणि शेवटी कॅम्पातल्या पोरांचे पगार अडले. तेलाचा पैसा तिथे बाजारात थेट फारसा येत नाही, मुख्यतः सरकारी तिजोरीतून येतो. तिजोरीने हात आखडला की सगळी साखळी थांबते. डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झालेली तूट ३६७ अब्ज रियाल होती, यावरून कल्पना कर.

बरं, रियालही १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला. चलन घसरू द्यायची सोय नाही, सगळा भार खर्चावर आणि गंगाजळीवर.

एमए_दुसरं_वर्ष:
काका, हे पुस्तकात नव्हतं. म्हणजे खर्च वाढवला की बिगर-तेल वाढ होतेच, असं धरू?

मस्कतकर:
तेलाचा पैसा आला की खर्चच वाढवायला हवा असं नाही, ओमानचं उदाहरण घे. २०२० मध्ये सरकारी कर्ज जीडीपीच्या ७० टक्क्यांच्या आसपास होतं. एप्रिल २०२१ पासून ५ टक्के व्हॅट लावला. २०२२ मध्ये तेल महागलं तेव्हा जास्तीच्या पैशातून मुख्यतः कर्ज फेडलं. बाजारात लगेच तेजी नाही आली, दुकानदार कुरकुरत होते. पण पुढच्या पडझडीत हात पसरावे लागणार नाहीत.

खोबर_रिटर्न:
मस्कतकरांशी सहमत. आणि 'होतेच' असं धरू नकोस, गळती मोठी आहे. क्रेन बाहेरून, यंत्रं बाहेरून, मजूर आपले, केरळचे, बांगलादेशचे. माझा निम्मा पगार चिपळूणला जायचा. खर्च सौदी सरकारचा, घर उभं राहिलं कोकणात! म्हणून तिथे शंभर रियाल ओतले तरी स्थानिक बाजारात फिरणारे त्याहून बरेच कमी.

पैसे उभे करायच्या उपायांनीही मागणी मारली. जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी, दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ४००. बायको आणि दोन मुलं म्हणजे शेवटी महिना १२०० रियाल. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी कुटुंबं गावी धाडली, मीसुद्धा. ती कुटुंबं भाडं भरत होती, किराणा घेत होती, शाळेची फी भरत होती. तिजोरीत फी आली, बाजारातलं गिऱ्हाईक गेलं. हे तुझ्या समीकरणात कसं बसवायचं ते तुझ्या सरांना विचार, मला नाही जमणार.

एक मात्र कर. पगार आणि भांडवली खर्च वेगळे काढ. सरकारी नोकरांचे भत्ते सप्टेंबर २०१६ मध्ये कापले आणि एप्रिल २०१७ मध्ये परत दिले, कारण तिथे लोक नाराज होतात. बांधकामावर चालवलेल्या कात्रीबद्दल तसं कुणी ओरडत नाही. आणि अर्थसंकल्पातला मंजूर आकडा घेऊ नकोस, प्रत्यक्ष खर्चाचा घे. तोही जपून, कारण आमची थकलेली बिलं त्यात कुठल्या वर्षात धरली यावर उत्तर बदलेल.