नाना पहिल्या पाळीला निघाले होते : घरातलं मोठं माणूस हरवलं तेव्हाची शोधाशोध, थाना, पोलीस... तुमचे अनुभव

रामबागवाली
आज सकाळी पोह्याच्या ठेल्यावर उभी होते. एक पोरगेलासा शिपाई आला आणि ठेलेवाल्याला मोबाइलमधला फोटो दाखवला. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, पंचाहत्तरीच्या पुढची बाई. "अम्मा दिखी क्या, कल शाम से?" त्याने मान हलवली आणि परत जिलेबी काढायला लागला. माझे पोहे हातातच गार झाले.

2014 च्या पावसाळ्यात आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, असेच गेले होते. इथल्या, इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते ते. मिल 1991 ला बंद पडली, तेव्हापासून घरीच. विसरायला लागले होते, पण आम्ही आपलं म्हणायचो वय झालं. पहाटे साडेपाचला उठते तर दार नुसतं लोटलेलं. देऊळ, न्हावी, नारायण बागेतले त्यांचे दोस्त, सगळं पालथं घालून साडेआठला थान्यात गेलो.

थान्यातल्या मुंशीने, म्हणजे रिपोर्ट लिहिणाऱ्याने विचारलं, क्या पहने थे? हे म्हणाले निळा शर्ट. दीर म्हणाले पांढरा. मी म्हटलं नुसती बंडी. तीन माणसं, तीन उत्तरं, आणि आदल्या रात्री चौघं एका ताटाला ताट लावून जेवलेलो! शेवटी जाऊबाईंना फोन करून दोरीवरचे आणि कपाटातले शर्ट मोजायला लावले. सगळे जागेवर. मग तिलाच सुचलं, ट्रंक उघडी आहे, त्यातला मिलच्या वेळचा खाकी हाफशर्ट नाही.

आम्हाला तरीही उमज पडली नाही. तिथं एक वयस्क हवालदार बसले होते, त्यांनी विचारलं, पहले क्या काम करते थे? हे वैतागले, म्हणाले साहब, फोटो ले लो, टाइम जा रहा है. हवालदाराने शांतपणे पुन्हा तेच विचारलं. आणि आधी घर कुठं होतं, कुठल्या रस्त्याने मिलला जायचे, पायी की सायकलने.

नाना मिलच्या भिंतीला टेकून बसलेले सापडले. मांडीवर डबा. डब्यात टीव्हीचा रिमोट आणि दोन कच्चे बटाटे. म्हणाले, अजून भोंगा कुठं झालाय. आम्ही कित्येक महिने त्यांना समजावत होतो की मिल बंद झाली, त्यावर ते भांडायचे. हवालदार जवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "नाना, आज पाली बंद है. कल आना." नाना लगेच उठले.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. पोलिसांनी काय केलं, काय नाही केलं, सगळं.

शिकंजी
डब्यात रिमोट 😭 म्हणजे घरी कुणालाच दिवसभर टीव्ही लावता आला नसणार

रामबागवाली
@शिकंजी त्या दिवशी टीव्ही कुणाला सुचतोय! पण हो, रिमोट हरवला म्हणून आदल्या दिवसापासून मुलं भांडत होती खरी.

निवृत्त_खाकी
34 वर्षं खात्यात काढली, त्यातली बरीच इंदुरात. ताई, तो हवालदार कोण ते मला माहीत नाही, पण विचारत बरोबर होता.

पहिली गोष्ट, चोवीस तास थांबा असा कुठलाही नियम नाही. नव्हताच कधी. कुणी असं सांगून परत पाठवलं तर टीआयला, म्हणजे थान्याच्या मुख्य इन्स्पेक्टरला भेटा, 112 ला फोन करा. मूल हरवलं तर सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या आदेशाने सरळ अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. मोठ्या माणसाचं तसं नाही, आपल्याकडे 'गुम इंसान' कायम होतो, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद होते, तपास त्यावर चालतो. त्याची नकल मागून घ्या, नंबरसकट.

दुसरं, आम्ही आधी तुमचंच घर बघतो. लोकांना राग येतो. गच्ची, माळा, दिवाणाखाली, बंद मोटारीत, शेजारच्या अर्धवट बांधकामात. एकदा चार गाड्या गावभर फिरल्या आणि आजोबा त्यांच्याच घराच्या गच्चीवर टाकीच्या सावलीत झोपलेले.

मग कंट्रोल रूमकडून वायरलेस सेटवर पॉइंट, म्हणजे निरोप चालतो, हुलिया (वर्णन) सगळ्या गाड्यांना जातो. सरवटे आणि गंगवाल बसस्टँड, जीआरपी म्हणजे रेल्वे पोलीस, एमवाय हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. तिथं बेनाव पेशंट म्हणून कुणी दाखल आहे का ते विचारतात. आणि हो, मर्च्युरी पण. तेवढं घरच्यांना लगेच सांगत नाही आम्ही.

कॅमेऱ्याचं सांगतो. फुटेज मागितलं की दुकानदार देतो, अडचण घड्याळाची असते. कुठल्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या डब्याचं) घड्याळ वीस मिनिटं पुढे, कुठल्याचं दीड तास मागे. आधी आपल्या मोबाइलमधली वेळ आणि स्क्रीनवरची वेळ शेजारी ठेवायची, फरक कागदावर लिहायचा, मग बघायला बसायचं. नाहीतर माणूस गेलाय सहाला आणि आपण साडेसातची गर्दी बघतोय. एका कॅमेऱ्यात फक्त दिशा कळते. डावीकडे वळले ना, मग डावीकडचा पुढचा कॅमेरा. असं एकेक करत जायचं. आणि लवकर, कारण बऱ्याच दुकानांत आठ-पंधरा दिवसांत वरून नवीन रेकॉर्डिंग चढतं.

मोबाइलचं लोकेशन काढा म्हणतात सगळे. बाबांचा मोबाइल कुठाय? घरी चार्जिंगला.

पोहेजिलेबी
चार्जिंगला 😂 आमच्याकडे तर फ्रीजवर असतो, बंद करून, बॅटरी वाचवायला

मधली_सून
आमचे हरवत नाहीत, रुसून जातात. दोनदा गेले, दोन्ही वेळा रात्री सराफ्यातल्या खाऊच्या बाजारात सापडले, गराडू (तळलेला कंद) खाताना. शुगर 280.

शिकंजी
@मधली_सून गराडू आले का बाजारात?

मधली_सून
थंडी पडू दे की जरा. मिळाले तरी आत्ताचे चांगले नसतात, कोरडे लागतात.

बंडू_लोकमान्यनगर
आमचे आजोबा तिसऱ्या दिवशी मिळाले. घरापासून एक किलोमीटर पण नसेल. रिकाम्या प्लॉटमागे झुडपं होती, त्यात. आम्ही त्याच रस्त्याने रात्री टॉर्च घेऊन हाका मारत गेलो होतो. ओ दिली नाही त्यांनी. एवढंच लिहितो.

रामबागवाली
अरे बंडू... 🙏

निवृत्त_खाकी
बंडू, हाका मारूनही ओ न देणं ह्यात तुमची चूक नाही. डिमेन्शियाची माणसं बहुतेक वेळा ओ देत नाहीत. कुणी आपल्यालाच शोधतंय हे त्यांना कळत नाही, कधी घाबरून अजून आत सरकतात. म्हणून झुडूप, नाला, भिंतीमागची जागा हाताने बाजूला करून बघावी लागते. नुसतं हाका मारत पुढे जाऊन चालत नाही. हे मलाही नोकरीच्या फार उशिरा समजलं.

डॉक्टरीणबाई_छावणी
काकांना दुजोरा. रॉबर्ट कोस्टर म्हणून एक अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी हरवलेल्या माणसांच्या हजारो घटना गोळा केल्यात. डिमेन्शियाच्या माणसाबद्दल त्यांचं म्हणणं साधं आहे: पाय अडकेपर्यंत चालतो. वाट संपली तरी वळत नाही, काटेरी झुडपात शिरतो आणि तिथंच थांबतो. म्हणून बरेच जण निघालेल्या जागेपासून फार लांब मिळत नाहीत.

आणि 'वय झालं' म्हणू नका हो! 2023 ला छापून आलेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या वर 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आला. ओपीडी सुरू झाली, पळते.

आत्याची_भाची
आमच्या आत्याची गोष्ट सांगते, लांब आहे. तिचं माहेर खंडव्याचं. एक दिवस माहेरी जायचं म्हणून निघाली आणि इंदूर स्टेशनवर जी उभी होती त्या गाडीत बसली. लहानपणी ती मीटरगेजने, महू-कालाकुंडच्या घाटातून यायची-जायची. तिच्या हिशेबाने गाडी म्हणजे खंडव्याचीच! उतरवलं दोन-तीन तासांवरच्या एका जंक्शनवर.

आता गंमत बघा. नाव विचारलं तर तिने माहेरचं सांगितलं. नाव पण माहेरचं, आडनाव पण. लग्नाला 58 वर्षं झाली होती. आम्ही इकडे रिपोर्ट दिला सासरच्या नावाने. आणि हिंदी पार विसरली होती. जन्मभर भाजीवाल्याशी तावातावाने हिंदीत भांडणारी बाई, त्या दिवशी तोंडातून फक्त मराठी. स्टेशनवाल्यांना वाटलं महाराष्ट्रातली आहे, त्यांनी भुसावळला कळवलं! आम्ही इंदूर-उज्जैन-देवास करतोय आणि तिचा फोटो भुसावळला फिरतोय. दीड दिवस.

सुटली कशी? गोंदण. रिपोर्टात माझ्या भावाने 'डाव्या हातावर तुळशीवृंदावन, खाली तीन ठिपके' असं लिहिलं होतं. तिकडच्या एका बाई शिपायाने आत्याची बांगडी वर सारून बघितलं आणि मग फोन आला.

तेव्हा बायकांच्या रिपोर्टात माहेरचं नाव लिहाच. आणि खुणा. तीळ, गोंदण, टाके, कवळी, काय असेल ते. आम्हाला तर विचारल्यावर आठवेना की तिचा चष्मा कुठल्या रंगाचा आहे.

शिकंजी
मला एक कळत नाही, आधारचा अंगठा लावला की पत्ता येत नाही का?

खिडकी_क्र_3
मी आधार केंद्रावर काम करतो. नाही येत. पोलिसांना अंगठा टेकवून नावपत्ता काढायची सोय नाही, कायद्यानेच नाही. कधीकधी उलट्या बाजूने सापडतं. आश्रमातले लोक अशा माणसाचं नवीन आधार काढायला येतात, बोटांचे ठसे-डोळे सगळं घेतो, आणि काही दिवसांनी अर्ज परत येतो की ह्या माणसाचं आधार आधीच आहे. तिथून मग वर लिहापढी होते आणि घरचा पत्ता लागतो. देशभर अशा केसेस झाल्यात, काही तर बऱ्याच वर्षांनी. वेळ लागतो पण.

लीड्सची_लेक
माहेर इंदूर, सुदामा नगर. इथं इंग्लंडमध्ये पोलिसांकडे हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणून एक फॉर्म असतो. माणूस हरवायच्या आधीच भरून घरी ठेवायचा. जॉर्ज हर्बर्ट म्हणून नॉर्मंडीच्या लढाईतले एक सैनिक होते, म्हातारपणी बालपणीचं घर शोधत निघायचे, त्यांचं नाव दिलंय. मागल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या आजी रात्री निघून गेल्या. पोलीस आल्या आल्या म्हणाले फॉर्म आहे का? त्यात हे सगळं होतं: जुने पत्ते, शाळा, नोकरीच्या जागा, कुठल्या बसने जायच्या, काय म्हटलं की शांत होतात, औषधं, ताजा फोटो. चुलीच्या राखेसारखी थंडी होती हो त्या रात्री... म्हणजे राख थंड झाल्यावरची, असो. वर हेलिकॉप्टर, त्यात उष्णतेवर चालणारा कॅमेरा. तासाभरात एका जुन्या चर्चच्या पायरीवर सापडल्या. लग्न तिथं झालं होतं.

पोहेजिलेबी
हेलिकॉप्टर! भिया, इथं राजवाड्यावर सायकलला जागा नाही

लीड्सची_लेक
@पोहेजिलेबी 😄 हेलिकॉप्टर सोडा, कागद तर आपणही लिहू शकतो ना? मी तोच फॉर्म हिंदीत लिहून आईच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आई म्हणते ही काय माझी कुंडली लावलीस.

कडूबाई
फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना सांभाळा. आमच्या सासऱ्यांचा टाकला, खाली ह्यांचा नंबर. सासरे त्याच संध्याकाळी मिळाले. पण फोन येत राहिले... "आपके पिताजी हमारे पास हैं, ढाबे पे बिठाया है, पाँच हज़ार डाल दो गाड़ी के." सासरे समोर वरण-भात जेवतायत आणि हा सांगतोय ढाब्यावर आहेत! मी म्हटलं जरा फोन द्या त्यांना, कापला. दोन वर्षं तो फोटो फिरत होता. तारीखच टाकली नव्हती आम्ही. आता नात्यातले लोक अजून विचारतात, मिळाले का गं?

निवृत्त_खाकी
तारीख टाका, थान्याचा नंबर टाका, आणि मिळाले की 'मिळाले' असं फोटोवरच मोठं लिहून त्याच सगळ्या ग्रुपवर परत टाका. आणि त्या मेसेजमध्ये एखादी खूण मुद्दाम गाळा. फोन करणाऱ्याला ती विचारायची.

आत्याची_भाची
@कडूबाई आम्ही नंतर आत्याला नंबर कोरलेलं लॉकेट केलं. दुसऱ्या दिवशी देवघरातल्या गणपतीच्या गळ्यात! म्हणे त्याला शोभतं. शेवटी शिंप्याकडून सगळ्या ब्लाउजच्या आतल्या बाजूला नंबर शिवून घेतला. मानेपाशी टोचतो म्हणून मऊ फीत लावायला सांगा.

बंडू_लोकमान्यनगर
शिंपी कुठला? आजीसाठी करून घेतो.

आत्याची_भाची
@बंडू_लोकमान्यनगर निरोप पाठवते तुला.

रामबागवाली
सगळं वाचते आहे मधेमधे, कणीक मळता मळता. सकाळच्या त्या आजी मिळाल्या का, संध्याकाळी ठेलेवाल्याला विचारलं. म्हणाला पता नहीं दीदी, वो सिपाही फिर आया नहीं.

मधली_सून
लीड्सताई, तुमचं वाचून मी आज दुपारी आमच्या बाबांपुढे कागद घेऊन बसले. म्हटलं, बाबा, आधी कुठं कुठं राहिलात ते सांगा. 1951 पासून सुरुवात, जुनी इंदूरचा वाडा, त्यातले सगळे भाडेकरू नावानिशी, कुणाची म्हैस होती ते पण. मग मल्हारगंज. तिथं घरमालकाशी भांडण, ते अख्खं ऐकलं. दोन तासांत तिसऱ्या घरापर्यंत आलोय. अजून दोन घरं आणि पोस्टातल्या पाच बदल्या बाकी आहेत. आता चहा मागतायत, टाकून येते.