दसऱ्यानंतरची सांदवाडी (परसबाग) : तुमचे अनुभव लिहा

वालाचा मांडव : आज सकाळी शेजारचा भाऊ विळा घेऊन वालाचा वेल कापायला निघाला. "चार महिने झाले, नुसता पाला! जागा अडवून बसला." मी धावतच गेले आणि त्याचा हातच धरला.

मी बारा वर्षांची असताना हेच केलं होतं. दसऱ्याची साफसफाई चालू होती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, मांडवावरचा वेल मी कापत सुटले. अर्धा झाला असेल, तेवढ्यात आजी आली. "काहून कापून राह्यली वं पोरी? दिवस लहान होऊ दे, मंग पाय." रागावली नाही. कापलेला पाला गाईपुढे टाकला आणि उरलेल्या वेलाच्या बुडाशी दोन गुंड पाणी ओतलं. दिवाळीनंतर त्या अर्ध्या वेलावर जांभळे तुरे आले, मग कडेला जांभळी रेघ असलेल्या चपट्या शेंगा. संक्रांतीपर्यंत तोडल्या. मांडवाची दुसरी बाजू मात्र तशीच उघडी, काड्या दिसायच्या. दर वेळी शेंगा तोडायला गेले की मला तेच दिसायचं.

पुढे गावातल्या कृषी सहायकांनी समजावलं. गावरान वाल रात्र मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाही, तोवर पालाच वाढवतो. आजीला हे ठाऊक होतंच.

पाऊस सरला की आपण वाफे मोकळे करतो आणि मग बाजारातून सगळं विकत आणतो. तुम्ही हिवाळ्यापर्यंत बाग कशी चालू ठेवता? लिहा ना.

वणीकरीण : वांगी!! उपटू नका कोणी. मी पितृपक्षात झाडं गुडघ्याएवढी ठेवून छाटते, किडके शेंडे जाळते, बुडाशी शेणखत आणि भरपूर पाणी. नवी फूट येते, महिना-दीड महिन्यात फुलं. आमच्या घरी चातुर्मासात वांगं खात नाहीत, म्हणजे झाडाला आराम द्यायला तोच वेळ बरा. चंपाषष्ठीला घरच्या वांग्यांचं भरीत आणि रोडगे. कुकर लावलाय, नंतर येते.

चुलीवरचा रोडगा : रोडग्यांचं नाव काढलं ताई, आता दिवसभर दुसरं काही सुचणार नाही. गोवऱ्यांच्या आरात भाजता की ओव्हनमध्ये?

वणीकरीण : आरातच हो. ओव्हनमधले आमच्या सासऱ्यांना चालत नाहीत.

तणस : गोंदियाकडून. ऑक्टोबरचं ऊन लय वाईट. तीन वर्षं माझा सांभार (कोथिंबीर) उगवायचा आणि चार दिवसांत जळायचा. आता धने चपलेखाली रगडून दोन फाका करतो, रात्रभर भिजवतो, पेरल्यावर धानाचं तणस (भाताचा पेंढा) पातळ अंथरतो. हिरवा ठिपका दिसला की लगेच तणस उचलायचं, नाहीतर रोप पिवळं लांबतं. आणि एकदम सगळं पेरत नाही. दहा-बारा दिवसांनी एक वाफा. एकदम पेरलं तर एकदमच फुलावर येतं.

माहेर अमरावती : सांभारावरून आठवलं. लग्न होऊन पुण्याला आले तेव्हा भाजीवाल्या मावशींना म्हटलं, सांभार द्या. त्या म्हणाल्या, हॉटेल पलीकडे आहे. तिथेच उभी राहून रडले होते मी. आता बाल्कनीत कुंडीत लावते आणि त्याला सांभारच म्हणते. सांभारवडीसाठी मात्र कुंडी पुरत नाही.

तणस : ताई, भंडारा-गोंदियाकडे या. पोतंभर देतो.

काळी कसदार : तणस सगळ्यांकडे नसतं. आमच्याकडे सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. काळी माती आहे, पाऊस थांबला की भेगा पडतात, बोट जातं आत, मुळं तुटतात. कुटार चार बोटं जाड टाकलं तर भेग पडत नाही, पाणीही कमी लागतं. न्हाणीचं पाणी पालकाकडे वळवलंय. कपड्यांच्या साबणाचं नाही, फक्त आंघोळीचं.

भेदरं : माझा अनुभव थंडीचा. 2018 च्या डिसेंबरअखेर नागपूरला पारा 3.5 अंशांवर गेला होता, आठवतं? आमच्या वाडीत टमाटरची झाडं हिरव्या फळांनी लदलेली. सकाळी पाहिलं तर शेंड्याची पानं उकडल्यासारखी काळी, लोंबत होती. मायनं एक शब्द काढला नाही. दुपारी पेटीतली दोन जुनी लुगडी काढून दिली, म्हणाली, आज राती हे टाक. संध्याकाळी वाफ्याला पाणी दिलं, बांबूच्या कमट्या वाकवून त्यावर लुगडी पसरली. खालची फूट वाचली, माघात फळं खाल्ली. तेव्हापासून थंडीची हवा कळली की हेच करतो. सकाळी ऊन आलं की काढायचं, विसरायचं नाही. माय जाऊन दोन वर्षं झाली. एक लुगडं अजून आहे.

माहेर अमरावती : दादा, वाचून गलबलून आलं. ते लुगडं आता वाफ्यावर टाकू नका, जपून ठेवा.

भेदरं : तिला विचारलं असतं तर म्हणाली असती, झाडावरच टाक.

काळी कसदार : धुवारी (धुकं) पडली की वालावर काळा मावा येतो. पहाटे दव असताना चुलीची राख चाळून उधळा, चिकटून राहते. जास्त असेल तर लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून फवारा.

वणीकरीण : मांडववाल्या ताई, तो जांभळ्या रेघेचा वाल अजून आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे आता फक्त पांढरा मिळतो.

वालाचा मांडव : आहे तर! राख लावून चिंधीत बांधलेला असतो. आजीचाच, दरवर्षी पहिल्या बहराच्या शेंगा बियाण्याला ठेवते. शेजारच्या भावालाही मीच दिला होता. वेल ठेवलाय त्याने, फक्त मांडव कलला म्हणून दुपारी दोन बल्ल्या लावल्या.

वणीकरीण : दिवाळीत भाऊ हिंगणघाटला येणार आहे. तुमचं गाव वाटेत पडतं का?

वालाचा मांडव : पडतं. स्टँडवर फोन करायला सांगा, मूठभर घेऊन येते.