प्रोकेन पेनिसिलिन आणि ब्यूट: स्पर्धेच्या किती दिवस आधी थांबवायचं?

नवा_स्वार: घोडीच्या मागच्या पायाला तार लागून जखम झालीय. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं चालू केलीत, सुजेला ब्यूटची, म्हणजे फिनाइलब्युटाझोन या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाची, पावडर दिलीय. महिनाअखेरीस एफईआयची (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची) जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायची स्पर्धा आहे. अँटिबायोटिकवर बंदी नाही असं तबेल्यात सगळे म्हणतात. मग फक्त ब्यूटचंच बघायचं ना?

जुना_मोतद्दार: आधी बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा. प्रोकेन पेनिसिलिन असेल तर गोष्ट वेगळी. पेनिसिलिन चालतं, पण प्रोकेन हे बधिर करणारं औषध, ते चालत नाही. स्नायूत टोचल्यावर ते सावकाश रक्तात उतरतं आणि लघवीत बरेच दिवस सापडतं. कधी, किती, कुठे टोचलं हे लिहून ठेवा. औषधांची नोंदवही तशीही सक्तीचीच आहे.

आता ब्यूट. एफईआयच्या यादीत डिटेक्शन टाइम, म्हणजे औषध नमुन्यात सापडत राहण्याचा काळ, 7 दिवस दिसेल. तेवढ्या भरवशावर आठव्या दिवशी घोडा गाडीत चढवणारे महाभाग पाहिलेत मी! तो आकडा ठरावीक डोस देऊन, मोजक्याच घोड्यांवर काढलेला असतो. त्यात आणखी किती दिवस मिळवायचे ते तुमचे डॉक्टर ठरवणार. शिवाय पावडर खाण्यात कालवली असेल तर गव्हाण घासून धुवा, खालचा पेंढा बदला. सांडलेलं घोडी नंतर चाटते आणि औषध पुन्हा पोटात जातं. शेजारच्या घोड्याला तीच बादली देऊ नका.

टापा: मलमाचं काय? ते तर वरूनच लावतात.

जुना_मोतद्दार: वरून लावलेलंही रक्तात जातं. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जर्मन स्वार लुडगर बेअरबाउमच्या गोल्डफीव्हर या घोड्याच्या नमुन्यात बीटामेथासोन हे स्टिरॉइड निघालं, तेही कातडीच्या मलमातलं. जर्मन संघाचं जंपिंगचं सुवर्ण गेलं, हाती कांस्य राहिलं. 2008च्या ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या घोड्यात कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) सापडलं आणि त्यांचं सांघिक कांस्य काढून घेतलं. मलम कोणी का लावेना, जबाबदार धरतात स्वारालाच.

नवा_स्वार: बाटली पाहिली. प्रोकेनच आहे. दुसरं अँटिबायोटिक मागू का?

जुना_मोतद्दार: जखमेला जे लागतं तेच डॉक्टरांना देऊ द्या. आधी टोचलेलं प्रोकेन काही बाहेर काढता येत नाही. त्यांना स्पर्धेची तारीख सांगा, लघवीची आगाऊ तपासणी कुठे होते तेही विचारा. मला विचाराल तर या स्पर्धेतून नाव मागे घ्या.