गेनचा आक्रोश की इबुसेंचा संयम? हिरोशिमावरची तीन पुस्तके वाचून झाल्यावर

पानगळ (धागाकर्ती)

गेल्या दीड महिन्यात एकाच शहराविषयीची तीन पुस्तके लागोपाठ वाचून झाली: मासुजी इबुसे यांची कादंबरी 'कुरोई आमे', म्हणजे काळा पाऊस; केइजी नाकाझावा यांची दहा खंडांची मांगा (जपानी चित्रकथा) 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन; आणि फुमियो कोनो यांची जेमतेम शंभर पानांची मांगा 'युनागी नो माची, साकुरा नो कुनि'. तिन्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. माझे मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचे आहे त्यांना वाट पाहावी लागणार नाही: इबुसेंनी आवाज न चढवता जे पोचवले, ते नाकाझावांना दहा खंड ओरडूनही माझ्यापर्यंत पोचवता आले नाही.

'कुरोई आमे'चा विषय वरवर पाहता एका मुलीचे लग्न एवढाच आहे. बॉम्ब पडल्याला काही वर्षे लोटली आहेत, कोबाताके गावात शिगेमात्सु आणि त्याची बायको शिगेको राहतात आणि त्यांची भाची यासुको लग्नाची आहे. स्थळ येते, पण त्या दिवशी मुलगी हिरोशिमात होती आणि तिला किरणोत्साराचा आजार आहे अशी कुजबूज गावात असल्यामुळे ते पुढे सरकत नाही. ती शहरात नव्हतीच हे मध्यस्थाला दाखवण्यासाठी शिगेमात्सु तिच्या रोजनिशीची नक्कल करायला बसतो. आणि त्याच रोजनिशीत नोंद निघते की शहराकडे येताना तिच्या अंगावर काळा पाऊस, म्हणजे स्फोटानंतरचा किरणोत्सारी पाऊस पडला आणि त्याचे डाग धुऊनही गेले नाहीत. शिगेको म्हणते, एवढा भाग गाळता येणार नाही का? या प्रश्नापाशी मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. आपल्याकडे पत्रिकेतला मंगळ लपवण्यासाठी किंवा अंगावरचा कोडाचा डाग झाकण्यासाठी जी घालमेल चालते ती मी नात्यात पाहिलेली आहे, त्यामुळे अणुबॉम्ब हा इतिहासाच्या पुस्तकातला विषय न राहता थेट आमच्या ओसरीवर येऊन बसला.

याउलट 'गेन'च्या पहिल्या खंडात, कोसळलेल्या घराखाली गेन या मुलाचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ शिंजी अडकले असताना आग जवळ येते, त्या पानांनी मी हादरले हे खरे. पण तिसऱ्या खंडापर्यंत ओघळणारी कातडी आणि जखमांमधल्या अळ्या इतक्यांदा समोर आल्या की नजर आपोआप पुढच्या चौकटीकडे घसरू लागली. त्यात प्रत्येक पात्र सतत ओरडते, मारते किंवा रडते. अतिरेकाने बधिरता येते, हा माझा आक्षेप आहे.

कुंचला

पानगळ, आपण इबुसेंविषयी जे लिहिले ते मनापासून पटले. 'गेन'विषयी लिहिलेले अजिबात पटले नाही.

पहिली गोष्ट, हे पुस्तक कोणासाठी काढले गेले ते आपण विसरता आहात. १९७३ साली ही मांगा सुरू झाली ती 'शोनेन जम्प' या मुलांच्या साप्ताहिकात, जिथे आठवड्याच्या खेळकथा आणि हाणामाऱ्या यांच्या शेजारी तिला जागा मिळवायची होती आणि दहाबारा वर्षांच्या पोराने पान उलटून पुढे जाऊ नये एवढी पकड ठेवायची होती. त्या वयाचे पोर 'कुरोई आमे' हातात धरणार आहे का? ओरडणे, गुद्दे, डोळ्यांतून उडणारे अश्रू ही त्या काळच्या मुलांच्या मांगाची रूढ भाषाच होती. लावणीत शृंगार जास्त झाला अशी तक्रार करण्यासारखे हे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे राग. १९६६ साली नाकाझावांची आई वारली आणि दहनानंतर राखेत हाडेच उरली नव्हती. जपानमध्ये दहनानंतर आप्तांनी अस्थी वेचण्याचा विधी असतो. आपण अस्थिसंचय करणारी माणसे असल्यामुळे रिकाम्या राखेसमोर उभे राहणे म्हणजे काय ते मी समजावून सांगायला नको. बॉम्बने आईची हाडेसुद्धा ठेवली नाहीत, या संतापातून त्यांनी या विषयाला हात घातला. त्या माणसाने संयम पाळावा अशी अपेक्षा करणारे आपण कोण? इबुसे त्या दिवशी शहरात नव्हते आणि त्यांची कादंबरी बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या रोजनिशीवर उभी आहे. अंतरावर बसलेल्याला संयम परवडतो.

आणि बधिरतेविषयी म्हणाल, तर तीच तर त्या शहरात फिरणाऱ्यांची अवस्था होती. विसाव्या प्रेताकडे पाहताना आपली नजर घसरली, ही चित्रकाराची हार आहे असे मला वाटत नाही.

जुना वाचक

मी पानगळ यांच्या बाजूने आहे आणि कुंचला यांच्या 'अंतरावर बसलेल्याला संयम परवडतो' या वाक्यावर मला सक्त हरकत आहे.

घराखाली अडकलेल्या कुटुंबाचा जो प्रसंग 'गेन'मध्ये सर्वांत जास्त अंगावर येतो, तो नाकाझावांनी स्वतः पाहिलेला नव्हता. ते तेव्हा सहा वर्षांचे होते, शाळेच्या भिंतीच्या आडोशामुळे वाचले, आणि घरी काय घडले ते त्यांना आईकडून कळले. मांगामध्ये मात्र त्यांनी गेनला तिथे उभे केले. यात त्यांची लबाडी होती असे मी मुळीच म्हणत नाही, कलाकाराला तो अधिकार आहे. पण मग दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाकाझावांनी वापरले तर ती साक्ष, आणि दुसऱ्याच्या वहीतून घेतलेले इबुसेंनी वापरले तर ती उसनवारी, हा न्याय कुठला? शिगेमात्सु ज्या माणसावरून रचला गेला त्याची मूळ रोजनिशी २००१ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, कादंबरीने तिच्यातून किती घेतले यावर जपानमध्ये वादही झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. तरी एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कारखान्यातली माणसे मरत आहेत, भिक्षू मिळत नाहीत, म्हणून व्यवस्थापक शिगेमात्सुला सांगतो की अंत्यविधीचे पाठ तूच म्हण. तो मंदिरात जाऊन मंत्र वहीत उतरवून आणतो आणि एकामागून एक प्रेतासमोर वाचत राहतो. सकाळी तांबूस गालांचा असलेला माणूस संध्याकाळी पांढरी हाडे होतो, या आशयाचा एक जुना उपदेशही त्यात आहे. हिशेब लिहिणाऱ्या हाताला भटजीचे काम करावे लागते, हे दाखवायला इबुसेंना एकही अळी लागली नाही.

शिगेकोने युद्धकाळातल्या जेवणाविषयी केलेले टिपण तर आमच्या घरी मी मोठ्याने वाचून दाखवले. रेशनच्या रांगा पाहिलेल्या माझ्या आईला ते फार जवळचे वाटले.

जपानी शिकणारी

मी पुण्यात चार वर्षे जपानी शिकते आहे, आणि 'गेन' अडखळत का होईना, मुळातून वाचते आहे, म्हणून एक मुद्दा मांडते. पानगळ यांना जो सततचा आरडाओरडा वाटला, त्याचा काही भाग अनुवादाने केलेला आहे. गेन आणि त्याचे सोबती हिरोशिमाच्या बोलीत बोलतात. तो चिमुरडा स्वतःला 'वाशी' म्हणतो, आणि प्रमाण जपानीच्या संस्कारात हे सर्वनाम म्हाताऱ्यांच्या तोंडी शोभणारे आहे, त्यामुळे त्याच्या शिव्यांनाही एक प्रौढ, गावरान गोडवा येतो. मालवणी माणसाचे भांडण पुस्तकी मराठीत उतरवले तर उरते ती फक्त शिवीगाळ. इंग्रजीत गेनचे तसेच झाले आहे.

मात्र माझी खरी तक्रार दोन्ही पक्षांविरुद्ध आहे. धाग्याच्या सुरुवातीला तीन पुस्तके होती आणि तिसऱ्याविषयी अद्याप कोणी अवाक्षर काढलेले नाही. कोनो हिरोशिमातल्याच, पण जन्म १९६८चा. घरात बॉम्बग्रस्त कोणी नाही, म्हणून या विषयापासून त्या दूरच राहत असत. संपादकांनी हिरोशिमाची गोष्ट काढा म्हटल्यावर, आता मनसोक्त आपल्या बोलीत लिहिता येईल म्हणून त्यांना आधी आनंदच झाला, आणि संपादकांना कोणते हिरोशिमा अभिप्रेत आहे ते नंतर लक्षात आले, असे त्यांनीच पुस्तकाच्या शेवटी लिहिले आहे. त्यांची नायिका मिनामी १९५५ साली नदीकाठच्या झोपडवस्तीत राहते आणि बुटांचे तळ झिजू नयेत म्हणून ते हातात घेऊन अनवाणी घरी जाते. गेनही अनवाणीच, पण तो आगीतून पळतो आणि ही पैसे वाचवते. पुढे ती अंथरुणाला खिळते, तिची दृष्टी जाते आणि चौकटी कोऱ्या होत जातात. पांढऱ्या पानावर फक्त तिचे विचार उरतात. दहा वर्षांनी आणखी एकीला मारता आले, याचा बॉम्ब टाकणाऱ्यांना आनंद होतो आहे ना, असे ती मनाशी विचारते. आवाज अजिबात चढलेला नाही, आणि राग नाकाझावांपेक्षा तसूभरही कमी नाही. मग संयम कादंबरीचा आणि आक्रोश मांगाचा, अशी वाटणी कशी टिकते?

पानगळ

जपानी शिकणारी यांचा मुद्दा मान्य. माध्यमांची वाटणी मी स्पष्ट शब्दांत केली नव्हती, पण माझ्या मनात ती होती हे कबूल करते. कोनोंची कोरी पाने मी पाहिली आणि तरीही त्यांना हिशेबात धरले नाही, हा माझा आळस. बोलीचा मुद्दाही नवा कळला.

अस्थींच्या मुद्द्यावर कुंचला यांना माझ्यापाशी उत्तर नाही आणि द्यायचेही नाही. पण लेखकाच्या दुःखाचा आकार आणि पुस्तकाचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, यावर मी ठाम आहे. ज्याने सोसले त्याच्या चित्रणावर बोलायचेच नाही, असे ठरवले तर आपण त्याला वाचत नाही, फक्त नमस्कार करून पुढे जातो.

कुंचला

नमस्कार करून पुढे जाण्याविषयीचे वाक्य लागले, आणि योग्य जागी लागले. तरी एक शेवटचा मुद्दा मांडतो आणि तो माशांविषयी आहे.

'कुरोई आमे'मध्ये डॉक्टरांनी हलकी कामे सांगितली म्हणून बॉम्बग्रस्त पुरुष तळ्यावर गळ टाकून बसतात. ऐन कामाच्या दिवसांत मासे धरत बसलात होय, असा टोमणा गावातली एक बाई मारते, आणि मग ते स्वतःच कार्प माशांची पिल्ले वाढवायचे ठरवतात. 'गेन'च्या पहिल्या खंडातही कार्प आहे: आजारी आईला ताकद यावी म्हणून गेन आणि शिंजी एका श्रीमंताच्या तळ्यातला मासा चोरायला जातात आणि पकडले जातात. हिरोशिमाच्या किल्ल्यालाही कार्पचा किल्ला म्हणतात, आणि तिथल्या बेसबॉल संघाचे नावही तेच आहे, हे जाता जाता.

२०२३ साली हिरोशिमा शहराच्याच शिक्षण मंडळाने आपल्या शांतताशिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून 'गेन' काढून टाकली, आणि त्या वेळी ज्या प्रसंगांवर बोट ठेवले गेले त्यांत ही मासाचोरी होती, पैशांसाठी गेन रस्त्यावर पारंपरिक कथागायन करतो तेही होते. मुलांचा गैरसमज होईल, किंवा त्यांना संदर्भ कळणार नाही, असे कारण दिले गेले. त्याआधी २०१२च्या अखेरीस मात्सुए शहरातल्या शाळांच्या ग्रंथालयांत ही पुस्तके कपाटात बंद झाली होती, कारण पुढच्या खंडांत जपानी सैनिकांच्या क्रौर्याची चित्रे आहेत. २०१३च्या ऑगस्टमध्ये गदारोळ झाल्यावर ती मोकळी झाली. बंदी म्हणजे गुणवत्तेचा दाखला नव्हे, हे जुना वाचक सांगतीलच, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. परंतु पानगळ, ज्या ओघळलेल्या कातडीने आपली नजर घसरली तिच्यामुळे ते पाठ काढले गेले नाहीत. अडचण झाली ती भुकेल्या पोराने आईसाठी चोरलेल्या माशाची. ते तळ्याचे पान एकदा पुन्हा उघडून पाहा. तिथे गेन ओरडत नाही, पाण्यात उभा आहे.

जुना वाचक

सांगणारच होतो. पहिला खंड मात्र आईकडे ठेवून आलो आहे, रविवारी आणतो आणि मासा पाहतो.