मदत हवी आहे: प्लॅटिनमवर क्लोराइड बसतोय की सेंद्रिय मळ?

सोलापुरात एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी प्लॅटिनम डिस्क इलेक्ट्रोडवर सायक्लिक व्होल्टामेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत विद्युतप्रवाह मोजणं) करतोय. ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल, व्होल्टेज बदलण्याचा वेग ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड (आत ३ मोलर केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण).

ताज्या द्रावणात आलेख छान येतो. प्लॅटिनमवर ऑक्साइड बनणं ०.६ व्होल्टच्या आसपास सुरू होतं. संदर्भ इलेक्ट्रोड सेलमध्ये अर्धा तास राहिला की ही सुरुवात धन बाजूला सरकते आणि ऑक्साइडचा भाग दबतो. हायड्रोजनच्या शिखरांचा (पृष्ठभागावर हायड्रोजन बसताना-सुटताना आलेखात येणारे उंचवटे) आकार बदलतो, पण त्यांखालचा एकूण विद्युतभार जवळपास तेवढाच राहतो. म्हणून मला केसीएल झिरपत असल्याचा संशय आहे. क्लोराइड धातूला थेट चिकटतो आणि ऑक्साइडची जागा अडवतो. सेंद्रिय मळ असता तर हायड्रोजनचा भारही घटला असता ना?

०.०५ मायक्रॉन अॅल्युमिनाने पॉलिश, सोनिकेशन (ध्वनिलहरींनी सफाई), द्रावणातून नायट्रोजन सोडणं, नवं आम्ल, सगळं करून झालं. उजनीच्या नळाचं पाणी अल्कधर्मी परमँगनेटवरून दोनदा ऊर्ध्वपातित करतो. अतिशुद्ध पाण्याचं यंत्र नाही. सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा आला नाही, पण इतक्या कमी क्लोराइडसाठी त्या चाचणीवर माझा भरवसा नाही. क्लोराइड नसलेला मर्क्युरस सल्फेट संदर्भ इलेक्ट्रोड विकत घेणं सध्या शक्य नाही.

ताज्या द्रावणात मुद्दाम १०⁻⁵ मोलर केसीएल टाकून आलेख जुळवला, तर तेवढा पुरावा पुरेल का? आणि त्याच आम्लाने भरलेला सॉल्ट ब्रिज (जोडनळी) संदर्भ इलेक्ट्रोड आणि सेलच्या मध्ये ठेवला तर झिरपणं किती वेळ रोखता येईल?