पथ्य चुकून मोडलं, आता पुढे काय? : पथ्यावरच्या मुलांच्या घरांसाठी अनुभव धागा

पथ्य पाळावं कसं, हे डॉक्टर सांगतात, आहारतज्ज्ञ कागदावर लिहून देतात. पण ते चुकून मोडलं, की पुढच्या तासाभरात आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं, हे बहुतेक घरांना ऐन वेळी शोधावं लागतं. त्यासाठी हा धागा आहे.

एकच विनंती. हकिगत नको, काय करता, किती प्रमाणात, कुठे फसतं आणि का, ते लिहा. वर आजाराचं नाव जरूर टाका, कारण एका आजारातला उपाय दुसऱ्यात घातक ठरू शकतो. सीलिॲक (गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याचं अस्तर खराब होतं तो आजार) आणि गव्हाची ॲलर्जी, दोन्हींत पोळी बंद असते. पण चुकून खाल्ल्यावर ॲलर्जीत मिनिटं मोजायची असतात आणि सीलिॲकमध्ये दिवस.

सीलिॲक, ७ वर्षं, नाशिक

पोटात गव्हाचं गेलंय असं कळलं की आधी तीन गोष्टी कागदावर उतरवा: काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता. पदार्थ पाकिटातला असेल तर पाकीट टाकू नका, मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. उलटी मुद्दाम काढायची नाही. मिठाचं पाणी पाजणं, घशात बोट घालणं यांनी ग्लूटेन बाहेर येत नाही, मूल मात्र घाबरतं आणि घसा सोलवटतो. ग्लूटेन 'उतरवणारं' औषध नाही. पाचक गोळ्या, एन्झाइमच्या कॅप्सूल यांच्यावर पैसे घालू नका, त्या पथ्याची जागा घेत नाहीत.

त्रास व्हायचा असेल तर काही मुलांना एक ते तीन तासांत उलटी होते, काहींचं पोट दुसऱ्या दिवशी फुगतं, जुलाब लागतात, चिडचिड दोन-चार दिवस टिकते. काहींना काहीच होत नाही, आणि घर फसतं ते इथेच. 'काही झालं नाही, म्हणजे थोडं चालतं' हा निष्कर्ष चूक आहे. आतड्याच्या आतलं अस्तर दुखत नाही, तरी खराब होत राहतं.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून हिशेब देते. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते, त्यात ग्लूटेन अडीच ते तीन ग्रॅम. सीलिॲकमध्ये दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलेलं बरं असं मानतात, म्हणजे पोळीचा अडीचशे-तीनशेवा भाग. म्हणून 'एकच घास' ही लहान चूक धरायची नाही. पण एका घासाने वर्षभराची मेहनत वाया जाते असंही नाही. पुढचं जेवण नेहमीच्या पथ्याचं वाढायचं, पुढे चालू लागायचं.

आहारतज्ज्ञ, पुणे

वरच्यात भर. जुलाब-उलटी सुरू झाली तर ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणं ही नेहमीची चूक. द्रावण दाट झालं तर जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून मग चमच्या-चमच्याने.

खायला तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचं वरण, केळं. निदान नुकतंच झालं असेल तर आतड्याला दुधातली साखर पचवायला जड जाते, म्हणून जुलाब थांबेपर्यंत दूध बाजूला ठेवलं तर चालतं. दह्या-ताकाने बहुधा त्रास होत नाही.

सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, शीमध्ये रक्त दिसलं, मूल गळून झोपेतच राहू लागलं, तर घरी थांबू नका.

एक प्रश्न फार येतो: चुकीनंतर लगेच टीटीजी (सीलिॲकमध्ये रक्तात वाढणारे प्रतिपिंड) तपासावं का? नाही. हे प्रतिपिंड महिन्यांच्या हिशेबाने चढतात-उतरतात, एका घासाने आकडा बहुधा हलत नाही. ठरलेल्या तारखेलाच तपासा. तेव्हा आकडा चढलेला दिसला तर एका मोठ्या चुकीमागे लागू नका. रोज थोडं थोडं कुठून जातंय ते शोधा. पहिला संशय पिठावर घ्या.

सीलिॲक, मुलाचे बाबा, सोलापूर

पिठाचंच लिहितो, कारण आमच्या भागात ज्वारीची भाकरी म्हणजे पथ्य आपोआप सांभाळलं असं समजतात. ज्वारीत ग्लूटेन नाही, पण गिरणीत आहे. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात, नळीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीत उरलेला असतो. 'आधी किलोभर तांदूळ दळून घ्या, मग ज्वारी' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कमी होतं, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही, पिशवी झटकली की पुन्हा तेच. घरघंटी घ्यायची असेल तर नवीच घ्या आणि तिच्यात गहू एकदाही दळू नका. ती परवडत नसेल तर मिक्सरमध्ये पाव-पाव किलो दळून बारीक जाळीच्या चाळणीने चाळा. चाळणी वेगळी हवी. जाळीत अडकलेली कणीक धुऊन निघत नाही.

दळण्याआधी ज्वारी ताटात पसरून निवडा. सुट्या धान्यात गव्हाचे दाणे हमखास सापडतात. मग धुऊन, कडकडीत वाळवून दळण.

स्वयंपाकघरात लाकडाचं पोळपाट-लाटणं, काथवट आणि जुना बिडाचा तवा वेगळे काढा. स्टीलची परात, कुकर, कढई नीट घासली की पुरते. तूप, लोणी, चटणीच्या बरण्यांना मुलाचा वेगळा चमचा. पोळीला तूप लावलेला चमचा परत तुपात जातो, आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

आजी, कोल्हापूर

पोरांनो, मेतकूट! आजारी पोराला आपण मऊ भात, तूप, मेतकूट देतो. मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ यांच्याबरोबर मूठभर गहू भाजून घालतात. म्हणजे चुकीनंतर पोट सावरायला वाढलेल्या भातातच पुन्हा चूक. गहू वगळून घरी करा, चव उतरत नाही. थालिपिठाच्या भाजणीत, चकलीच्या भाजणीतही काही घरं गहू घालतात, विचारल्याशिवाय खाऊ देऊ नका. सातूचं पीठ तर गव्हाचंच असतं.

हिंग बघा. डबीतला पिवळा हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा दुसरं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंग घ्या.

दिवाळीला तळणाचा क्रम पाळा. ताज्या तेलात आधी चिवड्याचे पोहे, गव्हाशिवायची चकली आणि अनारसे. शंकरपाळी आणि करंज्या सगळ्यात शेवटी, आणि ते तेल परत मुलाच्या वाट्याला नाही. बेसनाच्या लाडवात दाणेदारपणासाठी रवा घालणाऱ्या बायका पुष्कळ, तेव्हा शेजारून आलेला लाडू विचारूनच द्यायचा.

बालवाडी शिक्षिका, ठाणे

शाळेत चुका डब्यातून होतात तशाच हातकामातूनही होतात. रंगीत मळायची माती, जिला मुलं क्ले म्हणतात, ती पुष्कळदा गव्हाच्या पिठाची असते. ती तोंडात जाते किंवा हाताला लागून डब्यात उतरते. तांदळाचं पीठ, मीठ, तेल आणि पाणी यांची माती वर्गातच मळता येते, मग सगळ्या मुलांना तीच.

पालकांना कळकळीने सांगावंसं वाटतं: चूक कळल्यावर मुलासमोर 'कोणी दिलं?' असा तपास करू नका. दुसऱ्यांदा मूल सांगतच नाही, आणि काय, किती, केव्हा हे तीन प्रश्न विचारायलाच कोणी उरत नाही. 'सांगितलंस ते छान केलंस' हे पहिलं वाक्य असू द्या. बाईंकडे पथ्याच्या खाऊचा एक बंद डबा ठेवा, त्यावर मुलाचं नाव आणि तारीख. वाढदिवसाचा खाऊ वाटला की मुलाला त्यातलं द्यायचं. रिकामा झाला की निरोप येईल असं आधीच ठरवून घ्या. आणि शाळेला दिलेल्या चिठ्ठीत आजाराच्या माहितीपेक्षा 'चुकून खाल्लं तर हे करा, या नंबरवर फोन' या दोन ओळी मोठ्या अक्षरांत हव्यात.

दुधाची ॲलर्जी, ४ वर्षं, सांगली

इथे चुकीनंतरचा काळ वेगळा आहे, म्हणून वरचं काही लागू धरू नका. दूध न पचणं वेगळं आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जीत काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत लक्ष ठेवायचं.

फक्त तोंडाभोवती गांध्या, खाज, ओठाला किंचित सूज: डॉक्टरांनी लिहून दिलेलं सेट्रिझिनसारखं औषध, आणि मूल नजरेआड होऊ द्यायचं नाही. पण खोकला, घरघर, आवाज बसणं, एकसारख्या उलट्या, अंग ढिलं पडणं, यातलं काही गांध्यांच्या जोडीला आलं की सेट्रिझिनच्या परिणामाची वाट बघत बसणं हीच सगळ्यात घातक चूक. ते खाज थांबवतं, श्वासनलिका उघडत नाही. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं.

त्याचं डोस भरलेलं तयार पेन (ऑटोइंजेक्टर) आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून काही डॉक्टर एक मिलीला एक मिलिग्रॅमची कुपी आणि सिरिंज देऊन शिकवतात. डोस वजनाच्या किलोमागे ०.०१ मिली: १० किलोला ०.१ मिली, १५ किलोला ०.१५ मिली, मुलांत जास्तीत जास्त ०.३ मिली. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, स्नायूत. इन्सुलिनची सिरिंज वापरू नका: सुई आखूड, स्नायूपर्यंत पोहोचत नाही, आणि खुणा युनिटच्या असल्याने गडबडीत डोस चुकतो. एक मिलीची साधी सिरिंज आणि एक इंची सुई. आपल्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या, तो डबीच्या झाकणावर चिकटवा, वजन वाढलं की बदला. औषध पिवळट-तपकिरी दिसलं तर टाकून द्या. पाण्याच्या कुप्या फोडून सराव डॉक्टरांसमोरच करा, हात थरथरत असताना पहिल्यांदा काच फोडायची वेळ येऊ नये.

टोचल्यावर मुलाला आडवं करून पाय उचलून ठेवा. दम लागत असेल तर बसतं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. कडेवर उभं धरून जिने उतरू नका. १०८ ला फोन. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच नंबर. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, लक्षणं काही तासांनी परत उसळू शकतात.

दुधाची ॲलर्जी, पणजी

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून नातेवाईक निश्चिंत होतात. तो शाकाहाराचा ठिपका आहे, दूध त्यात बसतं. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन हे शब्द शोधा, आणि खाली ॲलर्जीची वेगळी ओळ असते ती वाचा. तिच्यात दूध, गहू, शेंगदाणे, अंडं, सोया, मासे यांचा उल्लेख असावा लागतो. शेळीचं किंवा म्हशीचं दूध पर्याय म्हणून देऊ नका, प्रथिनं इतकी सारखी आहेत की बहुतेक मुलांना त्यानेही ॲलर्जी येते. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश राहतो. देवळातलं पंचामृत तळहातावर चमचाभरच असतं, पण ॲलर्जीच्या मुलाला तेवढं पुरतं.

कीटो आहार, अपस्मार, नागपूर

वजन कमी करण्याच्या कीटोशी याचा संबंध नाही, फिट्ससाठी डॉक्टरांनी मोजून दिलेला ४:१ आहार, म्हणजे वजनाने चार भाग स्निग्ध पदार्थ आणि एक भाग प्रथिनं-कर्बोदकं मिळून. १,००० कॅलरींच्या दिवसात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम बसतात, त्यात कर्बोदकं १० ग्रॅमच्या आसपास. एका लहान ग्लुकोज बिस्किटात साडेतीन ग्रॅमच्या जवळपास असतात. म्हणजे दोन बिस्किटांत दिवसाचा बराच वाटा संपला, आणि काही तासांत कीटोन (शरीरात चरबी जळून तयार होतात ते) उतरून फिट येऊ शकते.

चूक कळली की: वेळ लिहा, फिटसाठी दिलेला नाकातला मिडॅझोलॅम फवारा हाताशी काढा, त्या दिवशी मूल एकटं अंघोळीला किंवा झोक्यावर नको. पुढचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाचं. उपास घडवून किंवा जास्तीचं तूप-तेल पाजून 'भरपाई' करू नका, उलट्या होतात आणि रक्तातली साखर घसरू शकते. लघवीतले कीटोन दाखवणारी पट्टी दर वेळी बघा, पण पाणी भरपूर प्यायलेलं असेल तर रंग फिका येतो हे लक्षात ठेवा.

खाऊपेक्षा जास्त चुका औषधातून होतात. खोकल्याचं, तापाचं सिरप साखरेचं असतं. 'शुगर फ्री' लिहिलेल्यातलं सॉर्बिटॉलही मोजायचं. गोळी कुटून द्यायला मिळते का, हे फार्मासिस्टला आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी विचारा. जुलाबात वरचं ओआरएसही इथे आपल्या मनाने नाही, त्यात ग्लुकोज आहे. आधी कीटोच्या टीमला फोन.

सीलिॲक, वसई

पहिल्या कम्युनियनचं वय आलेल्या मुलांसाठी. साधा होस्ट (कम्युनियनला चर्चमध्ये खायला देतात ती पातळ चकती) गव्हाचा असतो, आणि पूर्ण ग्लूटेनमुक्त होस्ट चर्चला मान्य नाही. मान्य असलेला कमी ग्लूटेनचा होस्ट मिळतो. घेण्याआधी पाकिटावर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतलं प्रमाण लिहिलंय का बघा. फादरांशी आठ-दहा दिवस आधी बोला. होस्ट वेगळ्या झाकणाच्या डबीत हवा, आणि इतरांना वाटण्याआधी फादरांनी मुलाला द्यायला हवा, नाहीतर बोटांना लागलेला चुरा त्याच्यावर येतो. दुसरा मार्ग फक्त वाइनचा. पण त्या पेल्यात होस्टचा तुकडा टाकतात, म्हणून मुलासाठी पेला वेगळा मागून घ्या.